टेरेसला काच: स्लायडिंग की फोल्डिंग?

पुण्यात फ्लॅट आहे, टेरेस पश्चिमेला, जुलैत पाऊस आडवा मारतो आणि पाणी थेट हॉलमध्ये. रुंदी १२ फूट. काय लावू? आईला झाडांसाठी मोकळं पण हवंय.

– स्लायडिंगच घ्या, जोड कमी असतात म्हणजे पाणी शिरायला फटी कमी. दोन ट्रॅकचं अर्धंच उघडतं पण तीन ट्रॅक केलंत तर साधारण ८ फूट मोकळे मिळतात, काकूंच्या कुंड्यांना भरपूर झालं.

– फोल्डिंग जवळजवळ पूर्ण उघडतं हो, पण पल्ले घडी होऊन एका कोपऱ्यात जमतात, तिथे कुंडी ठेवता येत नाही आणि बिजागऱ्या जास्त म्हणजे मेंटेनन्सपण जास्त. काच टफन्डच (तापवून मजबूत केलेली) घ्या.

– आधी सोसायटी आणि महापालिकेची परवानगी बघा, टेरेस बंद केली की एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्या मर्यादेचा, प्रश्न येतो. आणि खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं हवीतच, कुंड्यांची माती जाऊन ती तुंबली की ट्रॅक भरतो आणि पाणी परत आतच.