मदत हवी आहे: एसटीएलशी तुलना केली की गोलाईवर गाऊज दिसतोय. टूलपाथ चुकलाय की मेश?

कॅमवाला:
मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे.

एका कोअर इन्सर्टचा (साच्यात बसणारा भाग) मिलिंगचा प्रोग्राम कॅममध्ये (टूल कसं फिरेल ते ठरवणारं सॉफ्टवेअर) केलाय. एका बाजूला बाहेर आलेली गोलाई, रेडियस २०. दुसरीकडे तेवढ्याच रेडियसचा खोलगट भाग. बाकी बराचसा सपाट. टूलपाथ, म्हणजे टूलची वाट, स्टेप फाइलच्या (खऱ्या गोलाईचं कॅड मॉडेल) सरफेसवरून काढलेत, फिनिशिंग ८ मिमी बॉल नोजने (गोल टोकाचं टूल), स्टॉक टू लीव्ह (मुद्दाम शिल्लक ठेवायचं मटेरियल) शून्य. आमच्या कॅममधलं व्हेरिफाय (कापलेला जॉब मॉडेलशी ताडून बघणं) तुलनेला फक्त एसटीएल, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीची (मेश) फाइल, घेतं, म्हणून त्याच मॉडेलची एसटीएल काढून दिली. तुलनेचा टॉलरन्स ०.०२ मिमी.

सपाट भाग हिरवागार. खोलगट भागात लाल पट्टे, कर्सर नेला की ०.०७ गाऊज (जास्त कापलं गेलेलं) सांगतो. फुगीर बाजूला साधारण तेवढाच निळा, म्हणजे मटेरियल शिल्लक. टूलपाथचा टॉलरन्स ०.०१ वरून ०.००२ केला. प्रोग्राम भलताच लांबला, पट्टे मात्र जागच्या जागी.

जॉब मशीनवर चढायच्या आत कळायला हवं: खरंच कापलं जाणार आहे का?

जाता जाता अजून एक. दुसऱ्या जॉबला कास्टिंगचं स्कॅन स्टॉक (कापण्याआधीचं मटेरियल) म्हणून टाकायचंय, तर सॉफ्टवेअर "मेश बंद नाही" म्हणून परत करतंय.

शून्यऑफसेट:
तुलनेचा टॉलरन्स ०.१ करून टाका, सगळं हिरवं होईल. गोलाईवर असं दिसतंच.

जुना मिलिंगवाला:
असलं काही करू नका. ०.१ केलंत तर उद्या ०.०८ चा खरा गाऊजही हिरव्यात लपेल. मग व्हेरिफाय चालवायचं तरी कशाला?

कॅमवाला, तीन गोष्टी सांगा. पट्टे टूलच्या पासच्या (फेरीच्या) दिशेने आहेत की मॉडेलच्या गोलाईच्या दिशेने? एसटीएल काढताना डेव्हिएशन (मेश खऱ्या सरफेसपासून किती सुटू शकते) आणि कोन (शेजारच्या त्रिकोणांमधला) किती होते? आणि मेशच्या कडा चालू करून बघा, लाल रंग त्रिकोणाच्या कडेवर गडद आहे की मधोमध?

कॅमवाला:
पासशी काही संबंध दिसत नाही. पास आडवे, पट्टे उभे. एक्स्पोर्टला डेव्हिएशन ०.१, कोन १० अंश, सॉफ्टवेअरने आपणहून ठेवलेलं. कडा चालू केल्या: कडेवर रंग जवळजवळ हिरवा, दोन कडांच्या मधे सगळ्यात लाल.

जुना मिलिंगवाला:
मग टूलपाथ निर्दोष आहे, मेश जाडीभरडी आहे.

एसटीएलमध्ये गोलाई नसतेच, नुसते सपाट त्रिकोण असतात. त्यांचे कोपरे सहसा खऱ्या सरफेसवर बसतात, मधला भाग सरळ रेषेत जातो. फुगीर सरफेसवर ही सरळ रेष मटेरियलच्या आत पडते, म्हणजे मेशचा जॉब खऱ्यापेक्षा बारीक. टूल खऱ्या सरफेसवरून गेलं तरी तुलनेत "शिल्लक" दिसणार. खोलगट भागात उलटं. तिथे रेष पोकळीत येते, मेशमध्ये मटेरियल जास्त, आणि बरोबर चाललेलं टूलही "गाऊज" ठरतं. फुगीरला निळा, खोलगटला लाल आणि दोन्ही जवळपास सारखे दिसले की आधी मेशवर संशय घ्यायचा.

आकडाही जुळतो. मधला फरक म्हणजे रेडियस × (१ − कोसाइन अर्धा कोन). २० × (१ − कोसाइन ५°) = ०.०७६. तुमचा ०.०७ हाच. डेव्हिएशन ०.१ ला या रेडियसवर साधारण साडेअकरा अंश चालले असते, म्हणून १० अंशांची अट आधी लागली. नुसतं डेव्हिएशन ०.०९ केलं असतं तर फाइल तशीच राहिली असती. दोन्हींपैकी कडक असेल ते चालतं.

डेव्हिएशन ०.००५ आणि कोन २.५ ठेवा. मेशची चूक तुलनेच्या टॉलरन्सच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात आली पाहिजे, असा माझा हिशेब.

त्रिकोणी:
फाइल फुगेल म्हणून घाबरू नका. बायनरी एसटीएलला त्रिकोणामागे ५० बाइट लागतात, १० लाख त्रिकोण म्हणजे ५० एमबीच्या आसपास. आस्की काढली तर मात्र कितीतरी पट.

सिम्युलेशनचं रिझोल्यूशनही तपासा. कापलेला स्टॉक दाखवायला सॉफ्टवेअर स्वतःची मेश बनवतं. ती जाडी असेल तर एसटीएल कितीही बारीक काढा, तुलना जाडीच राहणार. फिनिशिंगच्या भागापुरतं झूम करून बारीक चालवा, अख्ख्या जॉबला नको.

स्कॅनचं: मेशलॅबमध्ये (मेश दुरुस्तीचं सॉफ्टवेअर) उघडून भोकं बुजवा, उलटे नॉर्मल (त्रिकोणाची बाहेरची दिशा) सरळ करा. त्रिकोण कमी केले तरी हरकत नाही, स्टॉकला शतांशाची अचूकता कोण मागतंय. मी वर अर्धा मिमी बाहेर ऑफसेटही देतो, स्कॅन कुठे कमी भरलं असेल तर रॅपिड मूव्ह (न कापता वेगाने जाणारी हालचाल) कास्टिंगमध्ये शिरायला नको. एसटीएलमध्ये युनिट साठवलेलं नसतं, तेव्हा स्टॉक २५.४ पट लहान-मोठा दिसला तर इंच-मिमीचा घोळ समजा. आणि मेश जॉबच्या झिरोवर (मोजमापाचा आरंभबिंदू) आणून बसवा, स्कॅनरचा झिरो भलतीकडेच असतो.

कॅमवाला:
नव्या एसटीएलने चालवलं, दोन्ही गोलाया हिरव्या. मेशलॅबमध्ये दुरुस्त केल्यावर सॉफ्टवेअरने कास्टिंगही घेतलं. पण खोलगट भागाच्या तळाशी, भिंत आणि मजला मिळतात त्या कोपऱ्यात, निळी रेघ तशीच आहे. ०.४१ शिल्लक. हीसुद्धा मेशच का?

जुना मिलिंगवाला:
तिथला फिलेट (कोपऱ्याची गोलाई) किती?

कॅमवाला:
रेडियस ३.

जुना मिलिंगवाला:
मग ही खरी आहे. ८ च्या बॉलचा रेडियस ४, तो ३ च्या फिलेटमध्ये बसणार कसा? काटकोनात शिल्लक राहतं (४ − ३) × ०.४१४, म्हणजे ०.४१. आधी ०.१ टॉलरन्सवर बघितलं असतं तरी ही दिसली असती, पण पट्ट्यांसोबत हिलाही "असं दिसतंच" म्हणून सोडून दिलं असतं.

कोपऱ्याला पेन्सिल पास (फक्त कोपऱ्यातून फिरणारा पास) द्या. ६ चा बॉल फिलेटला बरोब्बर बसतो, पण नेमका त्यामुळेच कोपऱ्यात टूल सगळीकडून घासतं आणि चॅटर (टूलची थरथर) येतो. ५ चा घ्या, दोन-तीन पासमध्ये फिलेट फिरवून काढा.

त्रिकोणी:
आणि हे सगळं पोस्ट करण्याआधीच्या (मशीनसाठी जी-कोड बनवण्याआधीच्या) टूलपाथचं व्हेरिफाय झालं. निघालेला जी-कोड वेगळा सिम्युलेट करा. पोस्टमध्ये आर्क किंवा टूल लेंग्थ ऑफसेट चुकला असेल तर एसटीएलच्या तुलनेत त्याचा पत्ताही लागत नाही.

कॅमवाला:
५ चा बॉल आहे. पेन्सिल पास टाकून जी-कोड चालवतो, मगच जॉब चढवतो.