जुन्या गाण्यातलं प्रेम जास्त आदर्श होतं का?

यमनवेडा: नाट्यसंगीत, भावगीत आणि आत्ताची सिनेमाची गाणी सलग ऐकतोय. जुन्या गाण्यात प्रेयसी एकदम देव्हाऱ्यात बसवलेली वाटते, हल्ली तसं काही राहिलं नाही. की हा माझा नॉस्टॅल्जिया?

कोथरूडची_काकू: नॉस्टॅल्जियाच रे बाबा. १९१६ चं 'स्वयंवर' नाटक घे, रुक्मिणी कृष्णावर जीव ओवाळून टाकते, आणि ती रुक्मिणी कोण तर बालगंधर्व! म्हणजे आदर्श प्रेयसीच मुळात एका पुरुषाने उभी केलेली, आणि बायका त्यांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल करायच्या. त्यातलं 'नाथ हा माझा' तर तुझ्याच यमन रागातलं आहे.

बेसुरा: भावगीतांचं मात्र पटतं. 'शुक्रतारा'मध्ये खळ्यांची चाल इतकी संथ आहे की दोघं बोलतायत की नुसती कुजबुजतायत तेच कळत नाही, आणि अरुण दाते आवाज कुठेही चढवत नाहीत. पण ते गाणं लिहिणारे तेच पाडगांवकर पुढे प्रेम तुमचं-आमचं 'सेम' असतं म्हणून मोकळे झाले, म्हणजे देव्हारा त्यांनीच हलवला ना :)

सोलापूरकर: आणि 'सैराट' विसरलात काय राव? २०१६. बोली आपली गावाकडची, मागं व्हायोलिनांचा ताफा, तोही अमेरिकेत रेकॉर्ड केलेला. यापेक्षा आदर्श प्रेम अजून काय पायजे? फक्त शेवटाला गाणंच नाही ठेवलं, सगळं शांत. नाटकात लग्न लागून पडदा पडायचा, इथं लग्नानंतरचंबी दाखवलंय.

यमनवेडा: काकू, बालगंधर्वांचं डोक्यातच आलं नव्हतं. आज परत ऐकतो.