मदत हवी आहे: खड्डा कोरडा, नकाशावर मात्र ‘निचरा काहीसा कमी’. प्रेअरीची ही माती ओळखायची कशी?

सुगीची_वाट:

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या शॅम्पेन काउंटीत गेल्या वर्षी आम्ही घर घेतलं. मागे पावणेदोन एकर मोकळी जागा, तिन्ही बाजूंनी मका नि सोयाबीन. माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, वडील अजून शेती करतात. त्यामुळे घर बघायला गेलो तेव्हाच माझं अर्धं लक्ष मागच्या काळ्याभोर मातीकडे होतं.

या एप्रिलमध्ये पीचची तीन कलमं लावली. पानं मलूल दिसायला लागली तेव्हा वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी पाणी देत राहिले. जून संपेपर्यंत दोन गेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की साल सुटून हातात येत होती आणि आंबूस वास होता. तेव्हापासून ही माती नीट समजून घेतल्याशिवाय तिच्यात काही लावायचं नाही असं ठरवलंय.

सरकारी मृदा नकाशात आमच्या जागेचा बहुतेक भाग ‘फ्लॅनगन सिल्ट लोम’ दाखवलाय आणि मागच्या खोलगट कोपऱ्यात ‘ड्रमर सिल्टी क्ले लोम’ची जीभ शिरलेली आहे. फ्लॅनगनपुढे लिहिलंय: निचरा काहीसा कमी, म्हणजे ‘समव्हॉट पुअरली ड्रेन्ड’. आणि वर्गीकरण: ‘फाइन, स्मेक्टिटिक, मेसिक अ‍ॅक्विक अर्जियुडॉल्स’.

आधी ८११ ला फोन करून गॅस-विजेच्या लाइनी आखून घेतल्या आणि गेल्या शनिवारी सव्वा मीटरच्या थोडं खाली जाईल असा खड्डा खणला. जे दिसलं ते सांगते. वरचे ४५ सेंटिमीटर माती काळी, ओली केली की काजळासारखी, पण चिकट नाही. मुठीत घेऊन सोडली की ज्वारीच्या दाण्याएवढे गोल कण मोकळे होतात. त्याखाली रंग तपकिरी होतो आणि माती कोन असलेल्या ढेपांमध्ये फुटते. ढेपेच्या अंगावर घोटलेल्या पाटीसारखी काळपट चकाकी आहे. ढेप मोडली की आत राखाडी ठिपके आणि त्यांना लागून गंजाचे डाग. साधारण मीटरभर खाली माती फिकी आणि मैद्यासारखी मऊ लागते. अगदी तळाशी खडे लागले, त्यात एक गुलाबी ग्रॅनाइटचा.

पाणी? थेंबभर नाही. तीन दिवस खड्डा उघडा ठेवला तरी कोरडाच. मग निचरा कमी कसा? शेजारचे शेतकरी म्हणतात, या शेतांत चांगला निचरा आहे, काळजी करू नका. बाबा व्हिडिओवर बघून म्हणाले, “ही तर आपलीच भारी जमीन, भेगा पडतील बघ.” पण उन्हाळाभर हात जाईल अशी एकही भेग दिसली नाही.

माझा खड्डा खरंच फ्लॅनगनचा आहे की ड्रमरचा? आणि या जागेत फळझाडं लावायचीच असतील तर कुठे लावू? कुणी मृदाशास्त्रातलं असेल तर कृपया सांगा.

मृद्गंध_आयोवा:

ताई, खड्ड्याचं वर्णन इतकं नेमकं केलंत की निम्मं काम झालंय. मी अकोल्याला कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकलो. आता काही वर्षं आयोवात आहे आणि तुमच्या मातीची इकडची भावंडं रोज हाताळतो.

आधी कोरड्या खड्ड्याबद्दल. तुम्ही ऑक्टोबरात खणलात. मका-सोयाबीननं उन्हाळाभर जमिनीतलं पाणी ओढलेलं असतं, त्यामुळे या दिवसांत पाण्याची पातळी खूप खाली असते. फ्लॅनगनमध्ये ती वर येते हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत, आणि तेव्हा ती जमिनीखाली फूट-दोन फुटांवर असते. तुमच्या पीचनं नेमका तोच काळ पाहिला. वर पालवी फुटत होती आणि खाली मुळं पाण्यात उभी होती. मुळांना हवा मिळाली नाही की झाड पाणी असूनही तहानल्यासारखं मलूल होतं, त्यामुळे तुमचा समज होणं स्वाभाविक होतं. स्वतःला दोष देऊ नका.

पाणी गेलं तरी त्याची खूण मातीत राहते. तुम्हाला दिसलेले राखाडी आणि गंजाचे डाग म्हणजे तीच खूण. माती पाण्यानं भरली की तिच्यातला प्राणवायू संपतो. मग सूक्ष्मजीव श्वसनासाठी लोहाचा उपयोग करतात, लोह विरघळतं आणि जागा सोडून जातं. जिथून गेलं तिथे राखाडी रंग उरतो. जिथे त्याला पुन्हा हवा भेटते तिथे ते गंजून बसतं. हे डाग तयार व्हायला फार काळ लागतो आणि एका कोरड्या ऑक्टोबरात ते पुसले जात नाहीत. म्हणून निचऱ्याचा वर्ग ठरवताना त्या दिवशी खड्ड्यात पाणी होतं का यापेक्षा राखाडी डाग किती खोलीवर सुरू होतात याला जास्त महत्त्व असतं.

शेजारीही खोटं बोलत नाहीत. त्या शेतांखाली जुन्या भाजलेल्या मातीच्या नळ्या किंवा नवे छिद्रांचे प्लास्टिक पाइप आहेत, साधारण तीन-चार फुटांवर. त्यांनीच ही जमीन मार्च-एप्रिलमध्ये वाफशावर येते. पण वर्गीकरणात नियमच असा आहे की कृत्रिम निचरा केला म्हणून मातीचं नाव बदलत नाही. नकाशावरचा निचरा हा निसर्गात जसा होता तसा दाखवतात.

आता ते लांबलचक नाव. ते शेवटाकडून वाचायचं. ‘ऑल’ म्हणजे मॉलिसॉल, लॅटिनमधल्या ‘मऊ’ या शब्दावरून. आपल्या कानाला ‘ओल’ ऐकू येतं, पण संबंध नाही. जाड, काळा, मऊ, चुन्यासारख्या अल्कधर्मी घटकांनी समृद्ध थर वर असेल तर मॉलिसॉल. तुमचे ४५ सेंटिमीटर त्यात सहज बसतात. ‘युड’ म्हणजे दमट हवामान, बहुतेक वर्षं जमीन फार काळ सुकत नाही. ‘अर्जि’ म्हणजे चिकणमाती. वरून पाण्याबरोबर उतरलेली चिकणमाती खालच्या थरात साठलेली आहे, ढेपेवरची तुमची ती पाटीसारखी चकाकी हाच तिचा पुरावा. काळपट अशासाठी की चिकणमातीबरोबर ह्यूमसही, म्हणजे कुजून काळा झालेला सेंद्रिय भाग, उतरलाय. आणि ‘अ‍ॅक्विक’ म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आत ते राखाडी डाग आणि काही काळ पाण्यानं भरणं. ‘मेसिक’ हा जमिनीच्या तापमानाचा वर्ग, वार्षिक सरासरी ८ ते १५ अंश सेल्सिअस.

राहिलं ‘फाइन, स्मेक्टिटिक’. इथे तुमच्या बाबांना निम्मे गुण द्यायलाच हवेत. खालच्या थरात चिकणमाती ३५ टक्क्यांच्या वर आहे आणि तिच्यातलं मुख्य खनिज स्मेक्टाइट, तेच कुळ जे परभणीच्या काळ्या जमिनीत फुगतं आणि आकसतं. फरक असा की तिकडे बेसॉल्टपासून झालेली जमीन थेट वरपासूनच पन्नास-साठ टक्के चिकणमातीची असते, म्हणून भेगा पडतात आणि ती व्हर्टिसॉल ठरते. इथे वर वाऱ्यानं आणलेली हिमयुगातली धूळ आहे, लोएस म्हणतात ती. तुमचा मैद्यासारखा मऊ थर म्हणजे तीच, फारशी न बदललेली. तळाचे खडे हिमनदीनं आणून टाकलेले. तुमचा गुलाबी ग्रॅनाइट खूप उत्तरेकडून आलाय, इलिनॉयच्या त्या भागात असा खडक जमिनीवर कुठेच नाही.

काळेपणाचं कारणही वेगळं. आपल्याकडे सेंद्रिय कर्ब बऱ्याच ठिकाणी एक टक्क्याच्याही खाली असतो, पण तो चिकणमातीला इतका घट्ट धरून असतो की थोड्यातही जमीन काळी दिसते. इथे पुरुषभर उंच गवतं हजारो वर्षं वाढत आणि जमिनीतच मरत गेली. काळा रंग त्या मुळांचा आहे.

फ्लॅनगन की ड्रमर, तर वर्णनावरून फ्लॅनगन. काळ्या थराखाली मूळ रंग तपकिरी आणि त्यात राखाडी ठिपके असतील तर फ्लॅनगन. काळ्याखाली लगेच मूळ रंगच राखाडी लागला तर ड्रमर. उतारावर यांची एक साखळी असते: उंचवट्यावर कॅटलिन, सपाटीवर फ्लॅनगन, खोलगटात ड्रमर. उंचीतला फरक कधीकधी हातभरच असतो, डोळ्यांना जाणवतही नाही. नकाशावरची रेघ प्रमाण मानू नका, खोलगट कोपऱ्यात दुसरा खड्डा घ्या. तळाच्या खड्यांत चुना आहे का हे कळायला त्यांच्यावर थोडं व्हिनेगर टाकून बुडबुडे येतात का तेही बघा.

जाता जाता: तुमच्याच काउंटीत, इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात, १८७६ पासून चालू असलेले मॉरो प्लॉट्स, म्हणजे मक्याचे प्रयोगाचे वाफे, आहेत. ती मातीही फ्लॅनगनच. मक्यावर सावली पडू नये म्हणून शेजारचं ग्रंथालय जमिनीखाली बांधलं. एकदा वडिलांना व्हिडिओवर दाखवा.

बांधावरून:

मी शिरोळचा. आमच्याकडे जास्त पाण्यानं क्षारपड झालेल्या जमिनी छिद्रांचे पाइप गाडून सुधारतात, त्यामुळे एक सूचना. ८११ वाले शेतातल्या जुन्या निचरा-नळ्या दाखवत नाहीत. तुमच्या जागेखालून शेजाऱ्याची नळी जात असेल आणि झाडाच्या खड्ड्यात ती फुटली, तर वरच्या शेतात पाणी तुंबेल. खणण्याआधी शेजाऱ्यांनाच विचारा, त्यांना ओळ माहीत असते.

दुसरं, खड्डा करून झाड लावूच नका. भारी जमिनीत खड्डा म्हणजे पाण्याची बादली. मराठवाड्यात सोयाबीन रुंद वरंब्यावर घेतात तेच तत्त्व: दीड-दोन फूट उंच, चांगला रुंद वरंबा करा आणि त्याच्या माथ्यावर कलम लावा. पीचला पाय ओले चालत नाहीत. नासपती त्या मानाने बरंच सोसते.

सुगीची_वाट:

दोघांचेही मनापासून आभार. काल शेजाऱ्यांना विचारलं. आमच्या कुंपणाला समांतर एक जुनी नळी आहे, त्यांनी काठ्या रोवून ओळ दाखवली. नेमकी मी पुढचं झाड लावणार होते तिथूनच!

आज खोलगट कोपऱ्यात दुसरा खड्डा घेतला. पहिल्या खड्ड्यापासून ४० पावलं, आणि पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरली तर जेमतेम ३५ सेंटिमीटरचा फरक. काळा थर थोडा जाडच, पण त्याखाली तपकिरी काही नाही, सरळ राखाडी, आणि त्यात नारिंगी डाग. ढेप हातात दाबली तर पहिल्या खड्ड्यापेक्षा चिकट. म्हणजे हा ड्रमर, बरोबर ना? इथे मी आता काहीच लावणार नाही, बिग ब्लूस्टेम गवताचं बी आणून तो कोपरा त्याला सोडून देते.

पहिल्या खड्ड्याच्या तळातल्या बारीक खड्यांवर व्हिनेगर टाकलं. ग्रॅनाइट गप्प राहिला, पण पांढुरक्या खड्यांवर बुडबुडे आले. वरच्या काळ्या मातीवर मात्र काहीच नाही.

बाबांना दोन्ही ढेपा दाखवल्या. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “भेगा पडत नाहीत तर हिला नांगरट सोपी जात असेल.” आणि वरंबा पूर्व-पश्चिम करायचा की पाणी वाहतं त्या दिशेनं, हे विचारायला लावलंय. उतार उत्तरेकडे आहे, अगदी मंद. बांधावरून दादा, हे तुम्हीच सांगा.

पहिल्या खड्ड्याच्या जागी छिद्रं पाडलेला पाइप उभा पुरते आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दर रविवारी काठी घालून पाण्याची पातळी मोजेन आणि आकडे याच धाग्यात टाकेन. तिसरं पीच अजून जिवंत आहे. त्याला आत्ताच, पानं गळल्यावर, उचलून वरंब्यावर हलवू की मार्चपर्यंत थांबू?