शेजारच्या आजींना मुलगा मारतो, पोलीस फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहितात

प्रश्न: आजी ७८ वर्षांच्या. मुलगा मारतो, जेवण देत नाही. ठाण्यात ‘घरगुती मामला’ म्हणून एनसीची प्रत हातात दिली. पुढे काय?

उत्तर १: साधी मारहाण (भारतीय न्याय संहिता ११५(२)) अदखलपात्र, म्हणून एनसी, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. हाड मोडलं किंवा दात पडला तर मात्र ती गंभीर दुखापत, दखलपात्र, म्हणजे पोलीस आदेशाविना तपास करू शकतात. म्हणून आधी सरकारी रुग्णालयात न्या, एक्स-रे काढा, केसपेपरवर ‘मुलाने मारलं’ असं लिहून घ्या. ‘पडल्या’ लिहिलं की केस तिथेच ढिली पडते. दखलपात्र असूनही गुन्हा घेतला नाही, तर पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) पोस्टाने अर्ज पाठवा.

उत्तर २: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २४ सगळे सुचवतात, पण ते कायमचं टाकून देण्याबद्दल आहे. घरात उपाशी ठेवणं त्यात सहसा बसत नाही. आजी आई आहेत, तेव्हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश घ्या. तो मोडला की गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र; मग एनसीवर भागवता येत नाही.

उत्तर ३: खर्चासाठी प्रांतांच्या निर्वाह न्यायाधिकरणात अर्ज करा. निकालाची मुदत ९० दिवस. आजींना एकटीला जमत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन लावा.