मदत हवी आहे: ५० पानांचा लग्नातल्यासारखा मसालेभात

पुण्यातल्या एका लग्नात परवा मसालेभात अनपेक्षित उत्तम मिळाला. दाणा मऊ पण मोकळा, तोंडली अख्खी, मसाला तळापर्यंत सारखा. घरच्या मुंजीला तसाच करायचाय.

तांदूळ ४ किलो, जुना सुरती कोलम. (बासमती सुचवू नका, त्याचा पुलाव होतो. आंबेमोहोर एवढ्या प्रमाणात चिकटतो.) मोठं जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) पातेलं, एकच गॅसची शेगडी. कांदा-लसूण नाही. मसाला धने, जिरे, लवंग, दालचिनी, तीळ, सुकं खोबरं भाजून केलेला, किलोला साधारण ५० ग्रॅम.

कुकरमध्ये वाटीला दोन वाट्या गरम पाणी घेतलं की जमतो. पातेल्यात तेच प्रमाण घेतलं तर खालचा थर गच्च होतो. भांडं मोठं असलं की त्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून असावं. मापाने पावणेदोन पट पाणी घेऊन पाहिलं. तळ सुधारला, पण वरचा दाणा कणीदार राहिला. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळतो, मग तेलावर परततो. खाली तवा ठेवल्यावर करपणं थांबलं, वरची कणी मात्र तशीच.

अकराला शिजवून एकच्या पंगतीला वाढायचाय, म्हणजे दोन तास झाकून राहणार.

आचाऱ्यांसोबत काम केलेल्यांनी सांगा: परतलेल्या तांदळावर आधण ओतायचं की मसाल्याच्या आधणात तांदूळ वैरायचा? पाणी किती पट? आणि तोंडली आधी तळून शेवटी घालतात का?