तावून-सुलाखून, पोक्त की निबर?

प्रश्न : एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’ (१९६७) या कादंबरीवर टिपण लिहिते आहे. १४ वर्षांचा पोनीबॉय आणि १६ वर्षांचा जॉनी, हातून खून झाल्यावर एका पडक्या चर्चमध्ये लपतात. ‘या दिवसांत त्यांची मैत्री तावून-सुलाखून निघाली’ असं लिहिलंय खरं, पण वाक्य खटकतंय. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : खटकलं ते बरोबरच. हा सोनाराकडचा शब्द. तावणं म्हणजे तापवणं. सुलाखणं म्हणजे भोक पाडून आत हिणकस काही आहे का ते पाहणं. वर सोन्याचा मुलामा आणि आत तांबं असेल तर त्या भोकात दिसतंच. म्हणजे ही परीक्षा झाली. सोनं आधी होतं तेच नंतरही. तुम्हाला तर ही पोरं बदलली असं म्हणायचंय.

जॉनीचंच पाहा. कादंबरीच्या सुरुवातीला तो पोळलेला आहे. श्रीमंत घरच्या पोरांनी त्याला बेदम मारलंय, तेव्हापासून खिशात चाकू. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसा जगणारा. हाच जॉनी पुढे पेटलेल्या चर्चमध्ये पोनीबॉयच्या पाठोपाठ शिरतो, आत अडकलेल्या लहान मुलांना बाहेर काढतो, आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नसतो. इथे मी ‘पोक्त’ म्हणेन. मूळ फारसी ‘पुख्ता’, म्हणजे शिजलेला, पिकलेला. मराठीत मात्र ‘पोक्त’ म्हटलं की वयस्क, अनुभवी माणूस डोळ्यांपुढे येतो. सोळाव्या वर्षी पोक्त व्हावं लागणं यातच त्या पोराचं दुःख आलं.

पण सोसल्यावर सगळेच पोक्त होतात असं नाही, काही निबर होतात. भेंडी वेळेवर काढली नाही की निबर होते, मग कितीही शिजवा, चोथा तोंडात राहतो. यांचा थोरला मित्र डॅली तसा. माझ्यासारखा कठोर हो, म्हणजे काही लागणार नाही, असं तो पोनीबॉयला बजावतो. आणि जॉनी गेल्यावर सगळ्यांत आधी तोच कोसळतो.

प्रश्न : मग पोनीबॉय? शेवटी तोही फुटकी बाटली उगारतोच की. निबर झाला म्हणायचा?

उत्तर : तो प्रसंग पुढे वाचा. अंगावर आलेली पोरं निघून जातात आणि पोनीबॉय खाली बसून काचा वेचतो, कुणाच्या गाडीचं टायर फुटू नये म्हणून. निबर माणूस काचा वेचत नाही. ‘पोक्त’ही त्याला मोठा पडतो. मी ‘जाणता’ लिहिलं असतं. ‘मूल जाणतं झालं’ म्हणतो त्या अर्थाने.

मैत्रीविषयीच लिहायचं असेल तर ‘मुरली’ घ्या. ‘मुरलेला राजकारणी’ म्हटलं की वाईट वास येतो, मैत्रीला तो लागत नाही. लोणच्याच्या बरणीत फोडी आणि खार एकमेकांत उतरतात. चर्चमध्ये हे दोघे केस कापतात, पोनीबॉयच्या केसांचा तर रंगही उडवतात, पाव खाऊन दिवस काढतात, एकच जाडजूड कादंबरी वाचत बसतात. घडत काहीच नाही. मुरायला तेवढंच लागतं. तेव्हा ‘त्या चर्चमध्ये त्यांची मैत्री मुरली’ एवढंच लिहा.