लिऑन–तुरिन बोगदा : आल्प्सच्या पोटातून ५७ किलोमीटर, हवा की नको?

घाटमाथा (धागाकर्ता)

मी मूळचा कर्जतचा, गेली काही वर्षं नोकरीनिमित्त इटलीत तुरिनला राहतो. परवा बऱ्याच काळाने रेल्वेने पॅरिसला जाऊन आलो, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

२७ ऑगस्ट २०२३ला फ्रान्सच्या मोरियेन खोऱ्यात ला प्राझ इथे दरड कोसळली आणि फ्रान्स-इटलीला जोडणारी मुख्य रेल्वे बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली ३१ मार्च २०२५ला, म्हणजे तब्बल एकोणीस महिन्यांनी. त्या काळात मी दोनदा बसने गेलो, फ्रेजुसच्या रस्त्याच्या बोगद्यातून. आत भिंतीवर दर दीडशे मीटरवर निळा दिवा असतो. पुढच्या गाडीपासून तेवढं अंतर ठेवायचं, अशी खूण. आमच्या बसच्या पुढे ट्रक, मागे ट्रक, समोरूनही ट्रकच. तेरा किलोमीटर मी नुसते दिवे मोजत होतो, कारण १९९९ आठवत होतं. २४ मार्च १९९९ला माँ ब्लाँच्या बोगद्यात ट्रक पेटला आणि ३९ माणसं गेली. ट्रकमध्ये स्फोटकं नव्हती की रसायनं नव्हती. होतं पीठ आणि मार्गरीन.

जुनी रेल्वे कोणती, तेही सांगतो. १८५७ ते १८७१ या काळात खोदलेला, साडेतेरा किलोमीटरच्या वरचा फ्रेजुसचा बोगदा. काम सुरू झालं तेव्हा डोंगराच्या दोन्ही बाजू एकाच राज्यात होत्या. १८६०मध्ये साव्हॉय फ्रान्सकडे गेलं आणि घरातला बोगदा दोन देशांमधला झाला. पंचवीस वर्षं लागतील असं धरलेलं काम सोमेये या इंजिनियरने दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं आणून निम्म्या वेळात उरकत आणलं. उद्घाटनाच्या दोनच महिने आधी तो वारला, हे वाचून मला खरंच चुटपुट लागली होती. पुढे आपल्या मुंबईला येणारी विलायतेची टपालही याच बोगद्यातून ब्रिंडिसी बंदरापर्यंत जायची आणि तिथून बोटीने निघायची.

आता त्याच डोंगराखाली, बऱ्याच खालच्या पातळीवरून, साडेसत्तावन्न किलोमीटरचा नवा बोगदा खोदला जातोय. २००१मध्ये दोन देशांचा करार झाला. आताच्या अंदाजाने २०३३मध्ये तो सुरू होईल. माझं मत स्पष्ट आहे : हा बोगदा हवाच. दीडशे वर्षांपूर्वीच्या घाटमार्गावर दोन देशांचा व्यापार टांगून ठेवता येणार नाही.

ऊनपाऊस

तुमची कळकळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे. मीही तुरिनला शिकले आहे आणि नव्या बोगद्याचं इटलीकडचं तोंड जिथे आहे, त्या सुसा खोऱ्यातल्या घरांमध्ये राहिले आहे.

पहिला प्रश्न गरजेचा. जुन्या मार्गावरून १९९०च्या दशकात वर्षाला एक कोटी टनाच्या आसपास माल जायचा. तो घसरत घसरत तीसेक लाखांवर आला. रूळ होते, बोगदा होता, क्षमता होती, तरी माल ट्रकवर गेला. निम्मा रिकामा रस्ता असताना शेजारी दुसरा महामार्ग बांधायचा, याला काय म्हणायचं?

दुसरा, पर्यावरणाचा. बोगद्याच्या बाजूने बोलणारे 'रेल्वे म्हणजे हिरवी' एवढंच सांगतात. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०२०च्या अहवालात नोंदवलंय की या मार्गाच्या बांधकामातच एक कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल आणि तो भरून निघायला बोगदा सुरू झाल्यावर पंचवीस वर्षं लागतील. वाहतूक अंदाजाच्या निम्मीच झाली तर पन्नास. २०३३ अधिक पन्नास. आपल्यापैकी कोण असेल तेव्हा?

आणि पैसा. सीमेवरच्या भागाचा खर्च २०१२च्या दराने ८.६ अब्ज युरो सांगितला होता, २०२४मध्ये त्याच दराने तो ११.१ अब्जांवर गेला. इटली सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९मध्ये नफा-तोट्याचा हिशेब केला, तो मोठ्या तोट्याचा निघाला. सरकारने तो बाजूला ठेवला आणि त्याच उन्हाळ्यात काम पुढे नेण्याचं जाहीर केलं.

बँकरवाला

मी या दोन्ही देशांत गेलेलो नाही. पण पस्तीस वर्षं भोर घाटात इंजिनं चालवली आहेत, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

आपल्या घाटाचा चढ ३७ला १. कर्जतला मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, लागल्याशिवाय गाडी लोणावळ्याला चढत नाही, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. उतरताना ठरलेल्या ठिकाणी थांबून ब्रेक तपासायचे, मगच पुढे. ब्रेक धरले नाहीत तर गाडी वळवून चढावर घालायला कॅच सायडिंग. पावसाळ्यात कड्यावरून पाणी आणि दगड एकदम यायला लागले की हाताची मूठ आपोआप आवळते. ते अजून विसरलेलो नाही.

या फ्रेजुसच्या मार्गाचा चढ हजाराला तीस, असं वाचलं. म्हणजे ३३ला १. आपल्यापेक्षा कडक, वर १३०० मीटरच्या आसपासची उंची आणि हिवाळ्यात बर्फ. जड मालगाडीला दोन-तीन इंजिनं लागणारच. नव्या बोगद्यात चढ हजाराला साडेबारा, म्हणजे ८०ला १. ज्याने घाटात गाडी ओढली त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एक इंजिन, एक चालक आणि गाडी सरळ पलीकडे. ऊनपाऊसताई म्हणतात जुना मार्ग रिकामा आहे. अहो, तो रिकामा आहे कारण त्यावरून माल नेणं परवडत नाही. चढावरची प्रत्येक मालगाडी व्यापाऱ्याला महाग पडते, म्हणून तो ट्रक बोलावतो.

मांडवीकाठ

बँकरवाला काकांना नमस्कार. आमच्या गोव्याच्या कॅसलरॉक–कुळे घाटाचाही चढ ३७ला १च. १९६१पर्यंत तीही दोन राजवटींमधली, सह्याद्री ओलांडून जाणारी सीमेवरची रेल्वे होती, हे बहुतेकांच्या लक्षात नसतं.

मोलेच्या रानातून या मार्गाचा दुसरा रूळ टाकायचं ठरलं तेव्हा आम्हालाही हेच ऐकवलं होतं : रेल्वे आहे, रस्त्यापेक्षा बरी, प्रगतीला का आडवे येता? २०२०मध्ये लोक रात्री चांदरला रुळांवर जाऊन बसले, कारण त्या रुळांवरून मुख्यतः कोळसा जाणार हे त्यांना दिसत होतं. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. म्हणून रेल्वे चांगली की वाईट, असं मी विचारतच नाही. तिच्यातून काय जाणार, कोणासाठी जाणार आणि कोणाच्या पाण्यावर उठणार, ते आधी सांगा.

पाणी हा शब्द मुद्दाम वापरलाय. मोरियेन खोऱ्यातल्या लोकांची तक्रार आहे की खोदकाम सुरू झाल्यापासून त्यांचे झरे आटले. डोंगर पोखरला की आतलं पाणी वाट बदलतं, हे पेडण्याच्या बोगद्याने आम्हाला शिकवलंय. तिथे २०२४च्या पावसात पाणी आत घुसून कोकण रेल्वे बंद पडली होती.

हिशेबी

मालवाहतुकीच्या क्षेत्रात आहे, म्हणून एकाच मुद्द्यावर लिहितो. स्वित्झर्लंडचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही?

स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडणारा सत्तर टक्क्यांच्या आसपास माल रेल्वेने जातो. फ्रान्स-इटलीच्या सीमेवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतबाहेर. डोंगर तोच, व्यापारीही बरेचसे तेच. मग फरक कशाने पडला? गॉटहार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्याने, असं सगळे म्हणतात. पण तो उघडला २०१६मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी १९९४मध्ये, स्विस लोकांनी मतदान करून आल्प्स ओलांडणारा माल रेल्वेवर नेण्याची अट राज्यघटनेत घातली. २००१पासून प्रत्येक जड ट्रकवर किलोमीटर आणि वजनाच्या हिशेबाने कर बसवला. बोगदा हा त्या धोरणाचा शेवटचा हप्ता होता.

इथे आधी बोगदा खोदताहेत आणि धोरणाचा पत्ता नाही. माँ ब्लाँ आणि फ्रेजुसला ट्रकवर जबर टोल आहे, मान्य. पण फ्रान्स-इटलीचे जवळजवळ निम्मे ट्रक खाली समुद्रकाठाने वेंतिमिल्याहून जातात. डोंगरातले ट्रक कमी झाले तरी तिथली रांग हलायची नाही. भरीला लिऑनकडून बोगद्याच्या तोंडापर्यंतचा नवा मार्ग अजून कागदावर आहे. म्हणजे नव्या बोगद्यातली गाडी बाहेर पडून पुन्हा जुन्याच रुळांवर रखडणार. काकांचं चढाचं गणित बिनचूक आहे, पण भाड्याचं गणित फक्त चढावर ठरत नाही. ट्रक स्वस्त ठेवला तर सपाट बोगदाही रिकामा राहील.

घाटमाथा

@ऊनपाऊस, एक गोष्ट नकाशावर बघा. ला प्राझ हे सां-मिशेल आणि मोदानच्या मध्ये आहे. नव्या बोगद्याचं फ्रान्सकडचं तोंड त्याच्या बरंच खाली, सां-जाँ-द-मोरियेनला. म्हणजे ज्या दरडीने एकोणीस महिने रेल्वे अडवली, तो सगळा पट्टाच टळतो. शिवाय जुन्या बोगद्यात एकाच नळीत दोन्ही रूळ आहेत. नव्यात दोन वेगळ्या नळ्या आणि दर ३३३ मीटरवर एकीतून दुसरीत जायला वाट. आग लागली तर माणूस पळेल कुठे, याचं उत्तर तिथे आहे.

खर्च वाढला हे खरंच. त्यातला ४० टक्के युरोपीय संघ देतोय, ३५ इटली, २५ फ्रान्स.

ऊनपाऊस

दरडीचा मुद्दा मान्य करते, तिथे मी नीट पाहिलं नव्हतं.

पण तुमच्याच आकड्यांत बघा. ५७.५पैकी इटलीत आहेत फक्त साडेबारा किलोमीटर आणि इटली भरते ३५ टक्के. का, तर फ्रान्सला त्यांच्या बाजूचा लांबलचक जोडमार्ग बांधायचाय म्हणून. तोच मार्ग, जो हिशेबी म्हणतात तसा कागदावर आहे!

आता खोऱ्याबद्दल. एका मैत्रिणीच्या आजोबांचा किओमोंतेला उतारावर छोटा द्राक्षमळा होता. आवाना नावाची तांबडी द्राक्षं, फार कमी ठिकाणी होतात. त्यांच्याबरोबर मळ्यात जाताना वाटेत दोनदा कागद दाखवावे लागले, कारण २०११पासून खाली बोगद्याच्या कामाला कुंपण आणि पहारा आहे. आजोबा काही बोलले नाहीत. खिशात कागद नीट घडी घालून ठेवलेला होता, तो काढून दाखवला आणि पुन्हा तशीच घडी घातली. स्वतःच्या मळ्यात जाताना.

या लोकांना सरसकट 'विकासविरोधी' म्हणतात, त्याचा मला फार त्रास होतो. डिसेंबर २००५मध्ये खोऱ्यातल्या व्हेनाउस गावी बोगद्याचं काम अडवायला हजारो माणसं बर्फात उभी राहिली. त्यानंतरच आखणी बदलली, मार्ग खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेला. डोंगरात ॲस्बेस्टॉस आणि युरेनियम आहे, खोदलेली माती कुठे टाकणार, हे ते विचारत होते. जे प्रश्न सरकारने आधी विचारायला हवेत ते गावकऱ्यांना थंडीत उभं राहून विचारावे लागले.

बँकरवाला

ताई, त्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या घाटातही बांधकामाच्या वेळी हजारो मजूर साथीने आणि अपघातांनी गेले, त्यांची नावंसुद्धा कुठे नाहीत. तरी तो घाट झाला नसता तर, हा विचार मला करवत नाही.

हिशेबींना विचारायचं होतं : तो स्विस कर इथे का लावत नाहीत?

हिशेबी

काका, ट्रकवाले रस्ते अडवतात आणि सरकारं घाबरतात. शिवाय दोघांनी एकदम लावायला हवा. एकाने लावला आणि दुसऱ्याने नाही, तर ज्याने लावला त्याचेच व्यापारी ओरडतात. बोगद्यासाठी दोन देश एकत्र आले, करासाठी येत नाहीत.

घाटमाथा

हिशेबींचं म्हणणं मी आता माझ्या मतात धरतो. बोगदा हवाच, आणि ट्रकवरचा कर तो उघडायच्या आधी हवा, वेंतिमिल्यासकट. २०३३ची वाट बघत बसलो तर पहिली दहा वर्षं गाड्या अर्ध्या रिकाम्या धावतील आणि त्याचा दोष रेल्वेला देतील.

ऊनपाऊस

तो कर खरंच लागला, तर त्या दिवशी मी माझं मत बदलीन आणि इथेच येऊन तसं लिहीन. तोवर मी त्या मळ्याच्या बाजूने.